पाटीच्या आधी माती

जून महिना जवळ आला की पावसाच्याही आधी शाळेची चिंता दाराशी येऊन उभी राहते. दप्तर, वह्या, गणवेश, छत्री ह्यांची खरेदी नित्याचीच. तिच्याविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु गेल्या काही वर्षांत, ज्यांना आपल्या चपलेचा डावा-उजवा अद्याप कळत नाही अशी तीन-साडेतीन वर्षांची बालकेही ह्या धावपळीत ओढली गेली आहेत. हे खूळ केवळ पुण्यामुंबईचे आहे असे कोणी समजत असेल तर त्याने सातारा रस्त्याने दहा-अकरा कोस जावे आणि चेलाडीच्या फाट्यावरून नसरापुरात शिरावे. भोर तालुक्यातील हे बाजाराचे गाव; राजगड-तोरण्याकडे जाणारी वाट येथूनच फुटते. येथील बाप शिरवळच्या किंवा खेड शिवापूरच्या कारखान्यात पाळीवर जातो, आई शेत किंवा दुकान पाहते, आणि पोराला डोळे चोळीत गाडीत बसविले जाते. आपल्या वाट्याला आले नाही ते मुलाला मिळावे ही त्यामागील इच्छा आहे, आणि तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणासही नाही. प्रश्न एवढाच की, त्या गाडीतून उतरल्यावर मुलाला मिळते काय?

बहुधा त्याला ओळीत बसणे मिळते, कळत नाही ते घोकणे मिळते आणि ज्या बोटांत शर्टाचे बटण लावण्याचे बळ आलेले नाही त्या बोटांत पेन्सिल मिळते. ह्याच्या नेमके उलट टोक पुण्यासारख्या शहरातील काही सुशिक्षित कुटुंबांनी गाठले आहे. ही मंडळी मुलांना शाळेत घालीतच नाहीत. घरीच माती, बिया, सुतारकाम, स्वयंपाक, बागकाम अशा उपक्रमांतून त्यांचे शिक्षण करतात. त्यांचे कोणी कौतुक करतो, कोणी त्यांना रिकामटेकडे म्हणतो. आमच्या मते ह्या दोन्ही टोकांच्या गडबडीत एक साधी गोष्ट विसरली जात आहे. सहा वर्षांच्या आतील शिक्षण हे मुख्यत्वे घराचे, अंगणाचे आणि हाताचे आहे. आणि नसरापूरच्या ज्या घराला आपण, किंबहुना ते घर स्वतःलाच, अडाणी समजते त्या घरातही ह्या शिक्षणाची सामग्री विपुल आहे.

उदाहरणादाखल धान्याची मापेच घ्या. किलोचा कायदा झाला तरी भोर-वेल्ह्याकडील अनेक घरांच्या माळ्यावर जुनी मापे अजून पडलेली असतात. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची अडशेरी आणि दोन अडशेऱ्यांची पायली. प्रत्येक माप मागच्याच्या दुप्पट. चार वर्षांच्या मुलापुढे ही मापे आणि परातभर भात ठेवावा आणि आपण दूर बसावे. ते ओतील, सांडील, पुन्हा भरील. आणि तासाभराने त्याच्या लक्षात येईल की पायली भरावयास आठ मापटी लागतात. कोणीही न शिकविता दुप्पट आणि निमपट ह्यांची कल्पना त्याच्या हातात बसते; पुढे शाळेत तिला केवळ नाव मिळावयाचे असते. परदेशी नमुन्याची लाकडी साधने पेटीत घालून जी बालशाळा मिरविते, तिने ह्याहून अधिक काय दिले हे आम्हांस समजावून घेणे आवडेल.

शेताकडे वळलो तर ही शाळा आणखी मोठी होते. जूनमध्ये भाताचे रोप, ज्याला ह्या बाजूस तरवा म्हणतात, ते वाफ्यात उगवू लागते. मुलाने रोज सकाळी एक काडी रोपाशेजारी धरावी आणि जेथवर रोप आले तेथे नखाने खूण करावी. तीन-एक आठवड्यांनी लावणीच्या वेळी त्या खुणांनी भरलेली काडी हे त्याने स्वतः लिहिलेले पहिले पुस्तक होय. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरण्याची चाल घरोघर आहे. देवघराच्या अंधारात ते अंकुर पिवळे का राहतात, हे मूल विचारतेच. त्या वेळी 'देवाचे असते' एवढे सांगून त्याला गप्प न करता, त्याच धान्याची दुसरी वाटी ओसरीवर उन्हात ठेवावी. चार दिवसांनी उत्तर वाटीतच हिरवे होऊन उभे राहील. देवालाही त्याचा राग येण्याचे कारण दिसत नाही.

आणि दिवाळीतील किल्ला! मुलांनी स्वतःच्या हातांनी करावयाचा इतका सर्वांगसुंदर उपक्रम एखाद्या शिक्षणशास्त्र्याने योजला असता तर त्याच्या नावाने परिषदा भरल्या असत्या. ओली माती किती घट्ट हवी, गोणपाट कोठे अंथरावे, अळीव कधी पेरावे म्हणजे ते नेमके धनत्रयोदशीला वर येईल, तळ्यातले पाणी मुरू नये म्हणून काय करावे, ह्या सर्व प्रश्नांची उत्तरे चुकत चुकत शोधावी लागतात. नसरापूरच्या मुलाला तर नमुन्यासाठी चित्रही नको. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी ह्या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला त्याने एकदा बापाच्या खांद्यावरून पाहिला की भूगोल आणि इतिहास एकाच चिखलातून उभे राहतात. शहरात मात्र आता प्लास्टरचे तयार किल्ले विकत मिळतात, आणि स्पर्धेचे बक्षीस मिळावे म्हणून किल्ला बाप करतो व मूल त्याला 'हात लावू नको' हे ऐकत कडेला उभे असते. गावाने शहराकडून घेण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. ही त्यांतील नव्हे.

गावाच्या कडेलाच, शिवगंगेच्या काठी, बनेश्वराचे देऊळ आहे. नानासाहेब पेशव्यांनी ते अठराव्या शतकाच्या मध्यास बांधविले. तेथील घंटा पोर्तुगीजांकडची. वसईच्या मोहिमेनंतर ती इकडे आली असे सांगतात, आणि तिच्यावर क्रूस व १६८३ हा आकडा आहे. पाच वर्षांच्या मुलाला त्या घंटेखाली नेऊन 'ही कोठून आली असेल?' एवढेच विचारावे. त्या वयात त्याला वसई कळणार नाही. पण वस्तूही प्रवास करतात आणि त्यांच्या अंगावर त्याची खूण राहते हे कळेल.

हे सर्व आम्ही स्वप्नरंजन म्हणून सांगत नाही. महाराष्ट्रातच हे घडून गेलेले आहे. ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांच्या कार्यात सामील झाल्या आणि १९२६ साली त्या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शहरातील सुखवस्तू मुलांची बालमंदिरे चालवून त्यांना पुढे सहज मान मिळाला असता. तथापि १९४५ साली त्या डहाणूकडील बोर्डीस गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि खेड्यातील गरिबाच्या मुलाला परवडेल असे बालशिक्षण त्यांनी शोधून काढले. मॉन्टेसरीची महागडी साधने तेथे कोण घेणार? त्यांनी पाने, बिया, शिंपले, खडे आणि माती ही साधने केली. वाडीवरची मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा हा शब्द देशभर पसरला. शब्द पसरला, अंगण मात्र वाटेत कोठे तरी राहून गेले, असे आज म्हणावे लागते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आईचा आहे आणि तो सर्वांत खरा आहे. भल्या पहाटे उठणारी, चूल, गोठा, शेत आणि बाजार सांभाळणारी स्त्री आणखी हे 'उपक्रम' केव्हा करणार? तिच्या डोक्यावर नवे ओझे ठेवण्याचा सल्ला आम्ही देत असू तर तो सल्ला फेकून द्यावा. परंतु येथे वेगळा तास काढावयाचाच नाही. ती पावटे सोलीत असते तेव्हा मूल शेजारी बसून सोलते, दाणे मोजते, किडके वेगळे काढते. कणकेच्या गोळ्यातून वाटाण्याएवढा तुकडा घेऊन साप, लाटी, चांदकी करते. ह्याच बोटांनी त्याला पुढे लेखणी धरावयाची आहे. आईने द्यावयाची ती केवळ परवानगी, आणि थोडी सांडलवंड सोसण्याची तयारी. शिवाय घरात आजी आहे, आणि पाळीवरून आलेला बापही आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून त्याने वर पाहिले तर त्यालाही मापटे भरता येते!

दुसऱ्या आक्षेपाने मात्र आम्हांस अधिक अस्वस्थ केले आहे. 'घरीच शिकते हो ती' हे वाक्य ह्या प्रदेशात निराळ्या अर्थानेही ऐकू येऊ शकते. धाकट्याला सांभाळणारी आठ वर्षांची मुलगी घरी असते. वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेले कातकऱ्याचे मूल तर घरीही नसते. त्याचे हात मातीत असतात हे खरे, पण त्याला शिक्षण म्हणणे हा निर्लज्जपणा होईल. मग खेळ आणि मजुरी ह्यांतील भेद कसा ओळखावा? आमची कसोटी साधी आहे. कंटाळा आला की मुलाला मध्येच उठून जाता येते काय? येत असेल तर तो उपक्रम. येत नसेल तर ते राबणे, मग त्याला कोणी कितीही गोड नाव देवो.

ह्याच कारणास्तव, वयाच्या सहाव्या वर्षानंतरही मूल घरीच ठेवावे असे सरसकट म्हणावयास आम्ही धजत नाही. सक्तीचे शिक्षण ह्या देशास फार उशिरा आणि फार कष्टाने मिळाले आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे त्याची मागणी केली. गोखल्यांनी १९११ साली त्यासाठी विधेयक आणले आणि ते फेटाळले गेले. कायदा झाला तो २००९ साली, आणि अंमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत घालणे हे त्याने पालकांचे कर्तव्य ठरविले आहे. घरी शिकविणाऱ्या कुटुंबाविषयी तो काहीच बोलत नाही. त्यांना शिक्षा सांगत नाही, मान्यताही देत नाही. पुण्यातील शिकलेल्या पालकास ही संदिग्धता सोयीची वाटेल, कारण मुक्त विद्यालयाची परीक्षा देऊन मुलास पुढे जाता येते हे त्यास ठाऊक असते. वाडीवरच्या मुलीला तीच संदिग्धता बुडवू शकते.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. सहाच्या आतील वर्षांसाठी जिल्हा परिषदेने भोर आणि वेल्ह्याकडील अंगणवाडी सेविकांच्या मागचा नोंदींचा ससेमिरा कमी करावा. पोषणाचे आकडे यंत्रात भरता भरता त्यांची सकाळ सरते, आणि मुलांच्या वाट्यास उरलेला वेळ येतो. आठवड्यातून एक सकाळ तरी सेविकेने मुलांसह एकेका अंगणात जावे, त्या घरातील मापे, सूप, माती, बियाणे हीच साधने करावीत आणि आईने ते पाहावे. ह्याला नवा निधी लागत नाही. सहानंतरच्या वर्षांसाठी राज्य सरकारने नियम करावा, की ज्या कुटुंबास मूल घरी शिकवावयाचे असेल त्याने नजीकच्या प्राथमिक शाळेत तशी नोंद करावी, तेथील शिक्षकाने वर्षातून दोनदा त्या मुलास भेटून त्याचे काम पाहावे, आणि मूल शिकत नसून राबत आहे असे आढळल्यास त्याच दिवशी त्याचे नाव पटावर घ्यावे. कोथरूडच्या सदनिकेला आणि नसरापूरच्या वाडीला हा नियम एकच असावा.