द्राक्षांच्या वाटेने इगतपुरी

उमापूरहून नाशिकला शेवगाव, नेवासा, शिर्डी हा रस्ता बरा. जानेवारी ते मार्च द्राक्षे उतरतात, तेव्हाच निघा. दिंडोरीकडे वाईनचे फलक पाहून धाकटीने विचारले, "अब्बा, द्राक्ष हराम आहे का?" द्राक्ष हलाल, नशा हराम, असे सांगितले. "मग शेतकऱ्याने विकायची कुणाला?" अम्मी म्हणाल्या, बेदाणे करावेत की! पण वाईनच्या द्राक्षाची जातच वेगळी. दाणा बारीक, आत बिया. खायला कोण घेणार? बहुतेक शेतकरी मात्र खाण्याचीच द्राक्षे लावतात. आम्ही दोन किलो घेतली.

त्र्यंबकचा ब्रह्मगिरी खालूनच पाहिला. आपल्या गेवराई तालुक्याच्या शिवेवरून वाहणारी गोदावरी तिथलीच. इगतपुरीत मुक्काम करायचा तर खोली आधी ठरवा, सुट्टीत भाव चढतात.