चालता लॅपटॉप मोडीत का काढावा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा आधार काढून घेतला आणि आमच्या वसतिगृहात “आता नवा घ्यावा लागणार” हे पालुपद सुरू झाले. थोरल्या भावाकडून आलेला, नऊ-दहा वर्षांचा लॅपटॉप व्यवस्थित चालतो. पण ‘विंडोज ११’ त्याला दारातच अडवते. का? तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्यात नाही, किंवा इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा आहे. सुरक्षेचे कारण खोटे नाही, हे मान्य. पण त्यापायी वडिलांच्या उसाच्या बिलात हात का घालावा?

माझ्या मते अशा यंत्रावर लिनक्स मिंट घालावे. ते फुकट मिळते; ४ जीबी रॅमवर नीट चालते. शिवाय पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येते, आतल्या डिस्कला धक्का न लावता. वाय-फाय, आवाज, छपाई तपासावी, आपल्या फाइलींची प्रत बाहेर काढावी, मगच पुढे जावे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली तर यंत्र ओळखू येत नाही!

मराठी-कन्नड टंकता येईल का, असे मित्र विचारतात. येते. इनस्क्रिप्टमध्ये ज्या कळीवर मराठी ‘क’, तिच्यावरच कन्नड ‘क’. (सीमाभागात एवढे तरी एकमत आहे!)

वाणिज्य शाखेच्या मित्रांची अडचण मात्र खरी आहे. त्यांचे टॅली विंडोजसाठीच बनलेले. त्यांच्यासाठी महाविद्यालयाने संगणक-कक्ष सायंकाळी सातपर्यंत उघडा ठेवावा, अशी माझी मागणी आहे.