बैठका कशासाठी?

प्रस्तुत स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या सेवामंडळाच्या येत्या चार बैठकांचे वेळापत्रक दिले आहे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. या काळातील चार पौर्णिमांच्या लगतच्या चार रविवारी या बैठका व्हाव्यात असे ठरले आहे. हे वेळापत्रक सहजासहजी ठरलेले नाही. ते ठरवताना कार्यकारिणीत जो मतभेद झाला, तो पालकांपुढे आणि समाजबांधवांपुढे मोकळेपणाने मांडावा, असे आम्हांस वाटते. कारण तो केवळ तारखांविषयीचा नव्हता.

काही सभासदांचे म्हणणे असे होते की बैठकांचा काळ आता गेला. व्हॉट्सॲपवर गट आहे, वर्गणी फोनवरून पाठवता येते, गरजू विद्यार्थ्यांची यादी शाळेकडून मिळते. मग मुंबई, ठाणे, डोंबिवलीहून माणसांनी भर पावसात कोकण रेल्वेने का यावे? पावसाळी वेळापत्रकात गाड्या आधीच संथ धावतात. एका बैठकीच्या येण्याजाण्यात जेवढा खर्च होतो, तेवढ्यात एखाद्या मुलाच्या वर्षभराच्या वह्या येतील. हा युक्तिवाद आम्ही हलका मानत नाही. तो करणाऱ्यांपैकी कित्येकांनी मंडळाला सर्वांत जास्त पैसा दिला आहे, आणि तो देताना आपले नाव छापू नका असे सांगितले आहे. आमच्या काही बैठका निष्फळ होतात हेही खरे. प्रास्ताविक, स्वागत, पुष्पहार, अनुपस्थितांचे शुभसंदेश आणि मग जेवणाची घाई, अशा बैठका बंद झाल्या तर कोणाचेही नुकसान होणार नाही.

तरीही आम्ही बैठकांच्या बाजूचे आहोत. त्याचे कारण चिपळूणमध्ये सापडले.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले. बाजारपेठ बुडाली, तळमजल्यांवरची घरे बुडाली, माणसांनी माळ्यांवर आणि छपरांवर रात्र काढली. बातमी कळताच आमच्या गटावर संदेशांचा वर्षाव झाला आणि दोन दिवसांत एक टेम्पो भरला. त्यात घोंगड्या होत्या, बिस्किटे होती, जुन्या साड्या होत्या. टेम्पो मुख्य रस्त्यापर्यंत गेला. तेथे तशाच कपड्यांचे ढीग आधीच पडलेले होते आणि त्यांवर पाऊस कोसळत होता. आमचाही ढीग त्यात मिसळला. छायाचित्रे गटावर आली, अभिनंदनाचे संदेश आले, आणि आपण कर्तव्य केले असे आम्हांस वाटले.

दुसऱ्या खेपेस आमच्यापैकी काहीजण एका वाडीत गेले. एका घराच्या ओल्या पडवीत सात-आठ माणसे बसली. ती बैठक होती असे तेव्हा कोणीच म्हटले नसते. तेथील एक प्रौढ बाई स्पष्ट बोलल्या. कपडे नकोत, ते धुवायला पाणी नाही. फावडी, घमेली, खराटे आणा. गुडघाभर चिखल उपसायचा आहे. रबरी बूट आणा, चिखलात काचा आहेत. ब्लीचिंग पावडर आणा. विहिरीच्या मोटारीत गाळ गेला आहे, ती उघडून साफ करणारा कारागीर आणा. आणि शेवटी त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. तिच्यात कागदांचा लगदा होता. रेशनकार्ड, मुलीची दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला.

त्या पिशवीने आमच्या मदतीची दिशा बदलली. जातीचा दाखला हाती नसेल तर शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो, अर्ज अडला की महाविद्यालयाचे शुल्क अंगावर येते, आणि अशा वेळी घरात सर्वांत आधी मुलीचे शिक्षण थांबते. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. आमच्यापैकी निम्मे लोक त्याच शिष्यवृत्तीवर शिकले. परंतु मुंबईत बसून टेम्पो भरताना ते कोणाला आठवले नाही. पुढे काही सभासदांनी एकच काम धरले. दाखल्याच्या दुय्यम प्रतीसाठी अर्ज लिहून देणे, गुणपत्रिकेसाठी रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळात खेटे घालणे, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांचे पंचनामे झाले की नाही याचा पाठपुरावा करणे. त्याची छायाचित्रे निघत नाहीत. त्याला पैसाही फारसा लागला नाही. लागली ती पडवीतली बैठक.

ही गोष्ट आम्हांस आमच्या स्वतःच्या लहानपणाशी नेऊन भिडवते. या वसतिगृहात राहिलेल्या बहुतेकांच्या आठवणीत एक व्यासपीठ आहे. एका संस्थेतर्फे, तिचे नाव येथे नको, गरजू विद्यार्थ्यांना ब्लँकेटचे वाटप झाले होते. ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारले जाई, नावामागे वडील काय करतात आणि हयात आहेत की नाहीत हे सांगितले जाई, मग व्यासपीठावर जाऊन ब्लँकेट दोन्ही हातांत धरून कॅमेऱ्याकडे पाहायचे. एका मुलाचे छायाचित्र नीट आले नाही म्हणून त्याला पुन्हा बोलावले. तो गेला, हसला, खाली आला आणि ते ब्लँकेट त्याने त्या हिवाळ्यात पांघरले नाही. ब्लँकेट चांगले होते. देणारेही वाईट नव्हते. त्यांनी कोणाला काही विचारले नव्हते, एवढेच. आता देणाऱ्यांच्या खुर्चीत आम्ही बसलो आहोत, आणि मागील वार्षिकोत्सवात आम्हीही नावे पुकारली. हे लिहिताना आम्हांस संकोच होतो. पण लिहिले नाही तर पुढल्या वर्षीही पुकारू.

म्हणून बैठकीचा प्रश्न आम्हांस आसनाचा प्रश्न वाटतो. बैठकीत कोण बसतो आणि कोणाविषयी बोलले जाते? आपल्या परंपरेत हा प्रश्न जुना आहे. मगधराज अजातशत्रूचा अमात्य वस्सकार वज्जींना जिंकण्याच्या विचाराने गृध्रकूटावर तथागतांकडे आला, तेव्हा तथागतांनी वज्जींच्या सैन्याविषयी काही विचारले नाही. ते लोक वारंवार एकत्र जमतात काय, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात काय, हे त्यांनी आनंदाला विचारले. जोवर ते तसे करतात तोवर त्यांची वाढच होईल, हानी होणार नाही, असा त्याचा आशय होता; आणि मग तेच नियम भिक्खुसंघालाही लागू केले. महापरिनिब्बाण सुत्ताचा आरंभच या प्रसंगाने होतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना भिक्खुसंघाच्या सभाशास्त्राचा उल्लेख केला. ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान या साऱ्यांचे नियम संघाला माहीत होते, हे सांगताना त्यांनी यादीच्या अगदी आरंभी आसनव्यवस्थेचे नियम ठेवले. हा क्रम योगायोगाचाही असू शकेल. कोकणातील माणसाला मात्र तो तसा वाटणार नाही.

कारण या भूमीत आसनासाठी भांडावे लागले आहे. गोपाळबाबा वलंगकर हे महाड तालुक्यातील रावढळचे, लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले; दापोलीत ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ही त्यांनीच स्थापन केली. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सैनिकांच्या वस्तीत उभी राहिलेली ही मंडळी म्हणजे आपल्या भागातील सेवामंडळांची पूर्वजच म्हणावी. तिचे मुख्य काम वाटप हे नव्हते. तिने अर्ज लिहिले, प्रश्न विचारले, सैन्यभरतीचे बंद झालेले दार उघडावे म्हणून सरकारकडे दाद मागितली. १८९५ साली वलंगकरांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर एका बैठकीत बसण्याचीच इतरांना अडचण वाटली. बोर्डाने त्यांच्या वस्तीसाठी एखादी विहीर मंजूर केली असती तर कदाचित कोणाची हरकत नसती. हरकत खुर्चीला होती.

२० जुलै १९२४ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचा हिशेबही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात वसतिगृह उघडले, त्याला सोलापूर नगरपालिकेकडून महिना ४० रुपये अनुदान मिळे. मुंबईत मोफत वाचनालय चालवले, आणि एक हॉकी क्लबही काढला. (हॉकी क्लब कशाला, असे त्या वेळीही कोणीतरी विचारलेच असेल.) अध्यक्षस्थानी सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासारखे प्रतिष्ठित गृहस्थ होते; पण कारभार पाहणाऱ्या मंडळाची सूत्रे बाबासाहेबांकडे आणि बहिष्कृत वर्गातील कार्यकर्त्यांकडे होती. सोलापूरच्या वसतिगृहातील मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक काढले. ज्यांच्यासाठी संस्था होती, ती मुलेच तेथे लिहू लागली. आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत विद्यार्थ्यांची किती पाने आहेत, हे वाचकांनी मोजून पाहावे.

बैठका नकोत म्हणणाऱ्या एका मित्राने रोटरीचा दाखला दिला. रोटरीने २०१६ मध्ये आपल्या साप्ताहिक बैठकांची सक्ती सैल केली, मग आपण कशाला धरून बसायचे? दाखला खरा आहे. पण सैल केल्यानंतरही महिन्यातून निदान दोनदा जमावे लागते, हेही खरे. आमच्या चार महिन्यांत चार बैठका त्यामानाने फारच थोड्या! आणि त्या संस्थेचे नावच बैठकीवरून पडले आहे. १९०५ साली शिकागोत पहिले सभासद आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमत, म्हणून ती रोटरी. आम्हांस घ्यावीशी वाटते ती ही फिरण्याची पद्धत.

म्हणून चारही बैठका शाळेच्या सभागृहात न घेता पहिली येथे, दुसरी चिपळुणात, तिसरी परळला, आणि चौथी मंडणगड तालुक्यातील एका वाडीत घ्यावी, अशी सूचना आम्ही केली आणि ती मान्य झाली. मात्र सूचना करणारे आम्हीही मुंबईतच बसलो होतो. वेळापत्रक गावी पोचले तेव्हा तेथील एका पालकांचा फोन आला. आषाढी पौर्णिमा म्हणजे भातलावणीचे दिवस. पाऊस धरला आहे, तरवा तयार आहे, अशा वेळी सकाळी अकराच्या बैठकीला कोण येणार? आणि आश्विनात कापणी. सगळ्या पावसाळ्यात त्यांना निवांत असा एकच रविवार होता आणि नेमका तो आम्ही परळसाठी राखला होता. त्यांनी हे हसत सांगितले. घरातल्या बायका तर संध्याकाळी सातनंतर चुलीपाशी, मग महिला सभासद वाढत का नाहीत म्हणून आम्ही ठराव करणार!

वर्षावासाचा नियमही मुळात लोकांच्या अशाच एका तक्रारीतून आला, याची येथे आठवण होते. भिक्खू पावसाळ्यातही फिरतात, त्यांच्या पायांखाली हिरवे तृण तुडवले जाते, लहान जीव मरतात, असे लोक म्हणू लागले. ते तथागतांच्या कानी गेले आणि पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला. ज्यांनी तक्रार केली ते संघाचे सभासद नव्हते.

वेळापत्रक त्यानुसार बदलले आहे. शेवटच्या पानावरचे छापील वेळापत्रक जुनेच आहे, कारण तो मजकूर आधीच छापखान्यात गेला होता. वाचकांनी ते दुरुस्त करून घ्यावे. पहिली बैठक आषाढी पौर्णिमेनंतरच्या रविवारी दुपारी चार वाजता शाळेच्या भोजनगृहात होईल, सभागृहात नव्हे. भाद्रपदातील बैठक परळऐवजी मंडणगडला, आणि आश्विनातील परळला.

पहिल्या बैठकीपुढे आमच्या वतीने तीन ठराव येतील. मंडळाच्या कार्यकारिणीत दोन पालक आणि वसतिगृहात सध्या राहणारे दोन विद्यार्थी असावेत, आणि त्यांना मताचा अधिकार असावा. यापुढे कोणत्याही विद्यार्थ्याला व्यासपीठावर बोलावून मदत देऊ नये. ती वसतिगृहाच्या कार्यालयातून, सही घेऊन, बंद लिफाफ्यात द्यावी. आणि वर्षाचा जमाखर्च या चारांपैकी प्रत्येक बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा, प्रवासखर्चासह. पहिल्या ठरावाला विरोध होईल हे आम्हांस ठाऊक आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना पैशाच्या गोष्टींत कशाला घ्यायचे, असे म्हटले जाईल, आणि त्या आक्षेपात तथ्य अजिबात नाही असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना मत असावे की केवळ उपस्थिती, यावर आमच्यातही अजून एकमत नाही.

ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनीही यावे. भोजनगृहात बाके पुरेशी आहेत. रात्रीच्या गाडीने परतणाऱ्यांसाठी सात वाजता जेवणाची सोय केली आहे. लावणीहून येणाऱ्यांनी चिखलाच्या पायांनी आले तरी चालेल, नळ दाराशीच आहे.