माफ करणं वेगळं, गप्प बसणं वेगळं

16 जून 2023 ला कांदिवली पश्चिमेच्या कपोल विद्यानिधी इंटरनॅशनल स्कूलमध्ये सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी लाऊडस्पीकरवर अजान लावली गेली. निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनांची मुलांना ओळख व्हावी म्हणून हा उपक्रम होता, असं शाळेचं म्हणणं. काही पालक आणि राजकीय कार्यकर्ते शाळेबाहेर जमले, पोलिसांत तक्रार गेली आणि संबंधित शिक्षकाला निलंबित केल्याचं शाळेला सांगावं लागलं. मोठ्यांसाठी ती बातमी आता जुनी झाली. पण जी अजान आपल्या घरात दिवसातून पाच वेळा ऐकू येते, ती लावली म्हणून कुणाला तरी शिक्षा झाली, हे मुलांनी पाहिलं. वर्गात कुणी 'पाकिस्तानी' म्हणालं, डब्यावरून टोमणा मारला, की मूल असे सगळे प्रसंग मनात एकमेकांना जोडत जातं.

घरी त्याला काय ऐकायला मिळतं? अम्मी म्हणते, "जाऊ दे बेटा, सध्या माहौल ठीक नाही." मोठा भाऊ मोबाईलवरचा एखादा जोशातला व्हिडिओ दाखवतो आणि म्हणतो, "एक मारली तर दोन दे." आम्हा शिक्षकांना दोन्ही घरांतली मुलं वर्गात लगेच ओळखू येतात. पहिल्या घरातलं मूल मागच्या बाकावर जाऊन बसतं, दुसऱ्या घरातलं मधल्या सुट्टीत मारामारी करतं. माफ करायला यातलं कुणीच शिकलेलं नसतं. भीतीपोटी गप्प बसण्याला आपण 'सब्र' म्हणू लागलो आहोत आणि ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे.

कुरआनने ही गल्लत कधीच केली नाही. सूरह शूराच्या 40 व्या आयतीत आधी अन्यायाची तेवढीच परतफेड करण्याचा हक्क मान्य केला आहे. त्यानंतर, जो माफ करील आणि संबंध सुधारील त्याचा मोबदला अल्लाहकडे आहे, असं सांगितलं आहे. म्हणजे ज्याच्या हातात हक्क आहे, त्याचीच माफी ही माफी.

ताइफचा किस्सा मदरशातल्या प्रत्येक मुलाला पाठ असतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर दगड फेकले गेले, पाय रक्ताने भरले, तरीही त्यांनी त्या लोकांचा नाश मागितला नाही. पण हा किस्सा सांगताना आपण मधला भाग गाळतो. दगडांपासून वाचण्यासाठी त्यांनी एका बागेत आसरा घेतला. तिथे अद्दास नावाच्या ख्रिस्ती गुलामाने त्यांना द्राक्षं आणून दिली. आपली व्यथा त्यांनी अल्लाहपुढे मोकळेपणाने मांडली. पर्वतांचा फरिश्ता आला आणि त्यांनी शिक्षेला नकार दिला, तो त्यानंतर, परतीच्या वाटेवर. आधी सुरक्षित जागा, मग दुःख बोलून दाखवणं आणि मग माफी. मुलाला यातली बाग न देता आपण थेट माफी मागत असतो.

ऑगस्ट 2023 मध्ये मुझफ्फरनगरच्या खुब्बापूर गावात पाढे आले नाहीत म्हणून एका मुस्लिम मुलाला शिक्षिकेने वर्गमित्रांकडून थपडा मारायला लावल्या. तुषार गांधी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने त्या मुलाबरोबरच थपडा मारणाऱ्या मुलांचंही समुपदेशन करायला सांगितलं. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं. त्या वर्गमित्रांना तो मुलगा उद्या माफ करू शकतो, करावंही, कारण त्यांचे हात दुसऱ्याने चालवले होते. शिक्षिकेचा हिशोब मात्र कायद्याने करायचा. सात वर्षांच्या मुलाच्या माफीवर तो मिटत नाही.

आसनसोलचे इमाम मौलाना इमदादुल रशीदी यांचा सोळा वर्षांचा मुलगा 2018 च्या दंगलीत मारला गेला. बदला घेतलात तर मी हे शहर सोडून जाईन, असं त्यांनी जनाज्याला जमलेल्या लोकांना बजावलं. त्यांना दुबळं म्हणायची कुणाची छाती आहे? त्या दिवशी ते एक शब्द बोलले असते तरी शहर पेटलं असतं. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही.

चारकोप असो की लालजीपाडा, आपल्या घरात हे कसं आणायचं? मूल रडत आलं तर आधी सगळं ऐकून घ्या, "तूच काहीतरी केलं असशील" हे वाक्य गिळून टाका. तारीख, वेळ आणि नेमके शब्द वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांना भेटा. शाळेत तक्रारपेटी ठेवायचा शासनाचा आदेश आहे, आणि मारहाण व मानसिक छळाला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मनाई आहे. शाळेशी आवाज न चढवता बोला, कारण मूल शेजारी उभं राहून बघत असतं. समोरच्या मुलाने सॉरी म्हटलं तर आपल्या मुलाला हात पुढे करायला सांगा, पण त्याच दिवशी नाही जमलं तर दोन दिवस थांबा. जबरदस्तीने मिळवलेला हात खोटा असतो.

आणि हो, आपली मुलंही काही कमी नाहीत. मोहल्ल्यात कुणाच्या रंगावरून, कुणाच्या बिरादरीवरून, कुणाच्या मसलकवरून काय काय बोललं जातं ते आम्ही ऐकतो. तेव्हा समोरच्या घरातली अम्मी तक्रार घेऊन आली, तर तिला दारातूनच परत न पाठवता आत बसवून ऐका.