अँड्रॉइड फुकट, मग दंड कशाचा?

सोमेश्वरनगरच्या कुठल्याही दुकानातून अँड्रॉइड फोन घ्या. कंपनी कोरियाची असो की चीनची, डबा उघडून फोन सुरू केला की तेच गूगल, तेच यूट्यूब, तेच नकाशे. आठवीच्या वर्गात एका मुलीने आम्हाला विचारले, "अँड्रॉइड फुकट असते ना, मग गूगलला दंड कशाचा झाला?" प्रश्न नेमका आहे, म्हणून या महिन्याचे पान त्यालाच.

फोनचा किंवा संगणकाचा सगळा कारभार चालवते ती ऑपरेटिंग सिस्टिम. ती कोणाची आणि कोणत्या अटींवर वापरायची, हे भांडण जुने आहे. युनिक्स ही अशीच एक सिस्टिम, तिचा परवाना अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीकडे. परवाना घेऊन प्रत्येक कंपनीने आपापले वेगळे युनिक्स केले. एकावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर सहज चालेना. पुढे एटी अँड टीने सन कंपनीशी हातमिळवणी केली, तेव्हा बाकीचे घाबरले. परवाना देणाराच स्पर्धक झाला तर? १९८८ मध्ये आयबीएम, डिजिटल, एचपी वगैरेंनी स्वतःची संस्था काढली, पलीकडच्यांनीही काढली. दोघांचा दावा एकच: प्रमाण युनिक्स आमचेच. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ! घरोघरच्या संगणकांवर मायक्रोसॉफ्टची विंडोज बसली. १९९१ मध्ये फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतले. त्याचाच गाभा आज अँड्रॉइडच्या पोटात आहे.

अँड्रॉइडचा मूळ कोड खरोखर खुला आहे. कोणीही घ्यावा, बदलावा. पण प्ले स्टोअर खुले नाही, आणि त्याशिवाय फोन विकणे अवघड. ते हवे तर फोन कंपनीने गूगलशी करार करायचा. त्यात गूगलची ॲप एकगठ्ठा घालायची, आणि बदललेल्या अँड्रॉइडवर चालणारा एकही फोन काढायचा नाही, अशा अटी होत्या. आपल्या ऊसपट्ट्यातल्या बुजुर्गांना झोनबंदी आठवत असेल: ऊस आपला, रान आपले, पण घालायचा नेमून दिलेल्या कारखान्यालाच.

याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे २०१८ मध्ये तक्रार गेली, ती कुठल्या फोन कंपनीने केली नव्हती. तिघा तरुणांनी केली, अँड्रॉइड फोनचे ग्राहक म्हणून. हे आम्हाला फार मोलाचे वाटते. एवढ्या कंपन्या गप्प होत्या, आणि अटी वाचल्या त्या ग्राहकांनी. आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. म्हणजे दंड अँड्रॉइडच्या किमतीचा नव्हे, त्यासोबतच्या अटींचा. अपील झाले; मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे चार आदेश रद्द केले. सगळे जिंकले असे नाही.

उर्दू वाचणाऱ्या घरांना ही गोष्ट लवकर समजावी. अनेक फोनवर उर्दू मजकूर नस्तालीकऐवजी नस्खमध्ये दिसतो. अम्मी-अब्बांना तो वाचताना अडखळायला होते, पण तो निर्णय सिस्टिम बनवणाऱ्याने आधीच घेतलेला असतो.

जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतासाठी काही बदल जाहीर केले. फोन कंपन्यांना गूगलची ॲप सुटी घेता येतील, आणि नवा फोन सुरू करताना सर्च इंजिन कोणते हवे ते ग्राहकाला निवडता येईल. मुलांच्या हाती नवा फोन आला की तो पडदा येतो का, हे त्यांच्यासोबत बसून पाहा.