आबनूस आणि गव्हाळ वर्ण

मंडळी, या वीकेंडचा विषय आहे एक लाकूड. आबनूस. इंग्रजीत एबनी. हे नाव बहुतेकांनी वाचलेलं असतं, वस्तू फारशी कुणी पाहिलेली नसते.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना एक दुखणं चांगलं ठाऊक आहे. एकाच गोष्टीला दोन टीम दोन नावं देतात, आणि एकच नाव चार जण चार अर्थांनी वापरतात. पाच वर्षांनी कुणालाच कळत नाही की आपण सगळे एकाच टेबलाबद्दल बोलतोय. आबनुसाचं नेमकं असंच झालंय. आणि माझं मत असं की या गोंधळात आपलं नुकसान झालंय.

आधी शब्द बघू. मूळ प्राचीन इजिप्तचं. तिथून तो ग्रीकमध्ये गेला, लॅटिनमार्गे इंग्रजीत एबनी झाला. आपल्याकडे फारसीतून 'आबनूस' म्हणून आला. हिंदीत 'आबनूस का कुंदा' म्हणजे काळाकुट्ट माणूस, आणि हे काही कौतुकानं म्हणत नाहीत. मराठीत ती जागा शिसवानं घेतली. तिकडे अमेरिकेत मात्र जॉन जॉन्सन यांनी १९४५ साली शिकागोत कृष्णवर्णीयांसाठी मासिक काढलं आणि त्याला नाव दिलं 'एबनी'. जो शब्द एकीकडे टोमणा, तोच दुसरीकडे अभिमानाची पाटी. लाकूड तेच.

आता आमच्या वाशिमकडे या. जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. पुण्यात अजूनही 'वाशिम? वाशी का?' असं विचारणारे भेटतात, असो. आमच्याकडे आबनूस हा शब्द कुणी वापरत नाही. पण टेंभुर्णी म्हणा, तेंदू म्हणा, लगेच ओळख पटते. उन्हाळ्यात पिवळी टेंभरं पिकतात. गोड, थोडी चिकट, बियाच जास्त. आमची आजी ओच्यात घेऊन यायची आणि म्हणायची, 'खाय लेका, हे काही दुकानात भेटत नाही.'

तर ही टेंभुर्णी म्हणजेच आपल्याकडचं एबनी. इंग्रजीत तिला कोरोमंडल एबनी म्हणतात. वनस्पतीशास्त्रातलं नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, हे विल्यम रॉक्सबर्गनं दिलेलं. मेलॅनोझायलॉन म्हणजे काळं लाकूड. श्रीलंका आणि दक्षिण भारतातलं नावाजलेलं आबनूस, डायोस्पायरॉस एबेनम, हे तिचं सख्खं भावंड. मॉलमध्ये महाग मिळणारं पर्सिमन हेही त्याच घरातलं.

आणि डायोस्पायरॉस म्हणजे काय? ग्रीकमध्ये 'झ्यूसचा गहू'. देवाचा गहू! लग्नाच्या जाहिरातीत ज्या 'गव्हाळ वर्णा'साठी एवढी धडपड चालते, तो गहू जगातल्या सगळ्यात काळ्या लाकडाच्या नावात बसलाय. यावर मी आणखी काय बोलणार :)

विज्ञान म्हणून बघितलं तर या झाडाचं सगळं लाकूड काळं नसतंच. सालीच्या आतलं लाकूड फिकट, गुलाबी-राखाडी. ते जिवंत असतं, पाणी वर नेतं. काळा असतो तो आतला गाभा. झाड वाढतं तशा आतल्या पेशी मरतात आणि त्यांच्यात गडद रसायनं साठत जातात. याला वर्षं नाही, दशकं लागतात. खरं आबनूस इतकं घट्ट असतं की पाण्यात टाकलं तर बुडतं. म्हणजे काळेपणा हा इथे वरचा रंग नाही, ती झाडाची जमा आहे.

आपल्या जुन्या ग्रंथांना हे झाड चांगलं माहीत होतं. संस्कृतात ते तिंदुक. आयुर्वेदात 'तिंदुक' हे वजनाचं मापही आहे, एक कर्ष, आजचे साधारण १२ ग्रॅम. आणि महाभारतात, उद्योगपर्वात, विदुला नावाची आई लढाईत हरून घरी पडून राहिलेल्या मुलाला खडसावते तेव्हा तिला हेच लाकूड आठवतं. कोंड्याच्या आगीसारखा धुमसत राहू नकोस, तिंदुकाच्या कोलितासारखा क्षणभर का होईना पेट, असं तिचं म्हणणं. ज्यानं हे लाकूड चुलीत घातलंय त्याला उपमा लगेच कळेल. ते तडतडतं, ठिणग्या उडवतं. आपल्या साहित्यात आबनूस आलं ते असं, रंग म्हणून नव्हे, तेज म्हणून.

कारागिरांची गोष्ट निराळी. त्यांना शुद्ध काळंच लाकूड हवं असतं. गिटारच्या पट्टीसाठी तर फारच. टेलर गिटार्स या अमेरिकन कंपनीनं २०११ मध्ये कॅमेरूनमधली आबनुसाची गिरणी घेतली, तेव्हा बॉब टेलर यांना कळलं की दहा झाडं तोडली तर जेमतेम एक पूर्ण काळं निघतं. रेषा-ठिपके असलेली बाकीची जंगलातच कुजायला सोडून देत. मग त्यांनी ठिपक्यांचं लाकूडही महागड्या गिटारला लावायला सुरुवात केली. वाजतं तेवढंच छान. ग्राहकाच्या डोक्यातली व्याख्या चुकीची होती आणि किंमत जंगल मोजत होतं.

आपल्याकडे उलटी तऱ्हा. टेंभुर्णीचा गाभा कुणाला नकोय, हवंय पान. बिडीसाठी. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये कोवळी, मऊ पानं फुटतात. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत ७० हजार पानं. ही पानं कुणीतरी भर उन्हात, कमरेत वाकून, एकेक करून खुडलेली असतात. १९६९ च्या कायद्यानं हा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं तेंदूपानाला गौण वनोपज म्हणून मान्यता दिली, आणि गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा आता स्वतः लिलाव करतात. हे चांगलंच झालं. पण दरवर्षी छाटलेल्या झुडपात काळा गाभा कधी तयार व्हायचा? म्हणून आपण आबनुसाच्या मुलखात राहतो आणि आबनूस पाहत नाही.

आता नुकसानीचा मुद्दा. काळा रंग वाईट, हे आपण इतकं पाठ केलंय की ते परंपरेनं आलंय असंच वाटतं. पण वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. पाचव्या शतकात इथल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची कितीतरी लेणी घडली. तिथे पहिल्या लेण्यात पद्मपाणीजवळ एक काळीसावळी राजकन्या रंगवलेली आहे. नटलेली, देखणी. चित्रकारानं तिला उजळवायची गरज मानली नाही.

आणि आपण? शादी डॉट कॉमवर त्वचेच्या रंगाचा फिल्टर जून २०२० पर्यंत होता. लोकांनी ओरड केल्यावर काढला. तो चालत नव्हता, चुकून राहून गेला होता, असं कंपनीनं सांगितलं. आमच्या भाषेत डेड कोड. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. पण कोड मेला तरी तो लिहून घेणारी रिक्वायरमेंट जिवंत आहे. 'मुलगी छान आहे, पण जरा सावळी' या वाक्यातल्या 'पण'मध्ये ती आहे. विठ्ठलाला सावळा म्हणताना आपण हा 'पण' कधी लावत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वाशिम-अकोल्याच्या शाळांमधल्या मुलांना टेंभुर्णी दाखवा आणि सांगा की जगात जिला एबनी म्हणून भाव आहे ती ही. गावाच्या वनात दहा-वीस झाडं न छाटता सोडा. पानाचं उत्पन्न त्यानं बुडणार नाही, आणि नातवंडांना काळा गाभा बघायला मिळेल. आणि पुढच्या वेळी स्थळ बघताना कुणी 'वर्ण?' असं विचारलं तर खुशाल सांगा, डायोस्पायरॉस. विचारणाऱ्यानं घरी जाऊन शोधलं तर त्याला देवाचा गहू सापडेल.