तिला काय कळतंय?

(द्वितीय वर्ष, कला)

‘तिला काय कळतंय?’ हे तीन शब्द गेल्या वर्षभरात आमच्या घरात दोनदा ऐकू आले. एकदा आत्याला भेटायला जाऊ नये म्हणून आणि एकदा तिचा अंगठा घ्यावा म्हणून. त्या तीन शब्दांविषयीच येथे थोडे लिहायचे आहे.

माझी थोरली आत्या आता एकोणसत्तर वर्षांची आहे. आजी मजुरीला जाई तेव्हा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिनेच कडेवर वाढवले. २०१३ साली जमिनीच्या वाटणीत हक्कसोडपत्रावर सही करायला तिने नकार दिला आणि आमचे तिच्याकडे जाणे-येणे तुटले. मी तेव्हा दुसरीत होते. आत्याने भावांच्या अन्नात माती कालवली, एवढेच ऐकत मी मोठी झाले.

घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे कागद वाचण्याचे काम माझ्याकडे आले. गेल्या वर्षी पीककर्जासाठी ट्रंकेतले कागद चाळताना ते सहीविना राहिलेले हक्कसोडपत्र हाती लागले. मग ग्रंथालयात जाऊन वाचले. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. म्हणजे आत्याने कोणाचे काही मागितलेच नव्हते. स्वतःचे सोडायला ती नाही म्हणाली होती, इतकेच!

त्याच सुमारास आतेभावाचा निरोप आला. आत्याला स्मृतिभ्रंश झाला होता आणि तिला पुण्याजवळच्या एका संस्थेत ठेवले होते. गावात लगेच बोलबाला झाला, ‘पोरानं आईला टाकली.’ आमचे तात्या, म्हणजे थोरले चुलते, म्हणाले, ‘माणूस वळखत न्हाई म्हणं. जाऊन उपयोग काय? तिला काय कळतंय?’ आबा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे मला म्हणाले, ‘चल गं माझ्यासंगं.’

संस्थेच्या फाटकाला आतून कुलूप होते. ते पाहून मला आधी रागच आला. आत प्रत्येक दारावर चित्र होते, भिंतीवर मोठे घड्याळ आणि मोठ्या आकड्यांचे कॅलेंडर. तिथल्या ताईंनी बजावले, ‘ओळखलंस का, असं विचारू नका. परीक्षा घेतल्यासारखं वाटतं त्यांना. आपणच आपलं नाव सांगा, आणि त्या काय म्हणतील ते खोडू नका.’

आत्या मेथी निवडत बसली होती. आबांनी नाव सांगितले. तिने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, ‘आण्णा, बैलास्नी वैरण टाकली का?’ आण्णा म्हणजे माझे आजोबा. ते जाऊन कैक वर्षे झाली. आबांचे ओठ थरथरले. मग म्हणाले, ‘टाकली बाई.’ तिचा चेहरा निवळला. तिने जुडीतली निम्मी मेथी त्यांच्यापुढे सारली आणि दोघे भावंडे तासभर मेथी निवडत बसली. तिला नावे आठवत नव्हती, पण कोवळे पान कोणते आणि जून काडी कोणती, हे तिची बोटे चुकत नव्हती.

संध्याकाळी आतेभावाच्या घरी गेलो. वहिनींनी हातचे काही न राखता सांगितले. आत्या रात्री दार उघडून निघून जाई. एकदा स्वारगेटला गावाच्या गाडीची चौकशी करताना सापडली. गॅस दोनदा उघडा राहिला. वहिनींनी पतसंस्थेतली नोकरी सोडली आणि तीन वर्षे सलग झोप म्हणून घेतली नाही. आता दादाचा निम्म्याहून अधिक पगार संस्थेत जातो. मला विचारावेसे वाटते, यातली एक रात्र तरी ज्याने जागून काढली नाही, त्याला ‘टाकली’ म्हणण्याचा काय अधिकार?

आणि हे दुखणे काही एकट्या आमच्या घरचे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांत शंभरातल्या सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण जास्त आहे. आपण मात्र त्याला म्हातारचळ म्हणून हसतो.

आम्ही परतल्यावर तात्यांनी दुसऱ्यांदा तेच शब्द उच्चारले. ‘आता सोपं झालं. कागदावर अंगठा घिऊन टाकू. तिला काय कळतंय?’

मी त्यांना १८७२ चा करार कायदा सांगितला. कागदाचा अर्थ आणि त्यातले आपले बरेवाईट ज्याला समजत नाही, त्याने केलेला करार हा करारच नव्हे. तात्या म्हणाले, ‘चार बुकं शिकली म्हून आम्हाला कायदा शिकवू नगंस.’ तेव्हा आबा पहिल्यांदा बोलले, ‘कळत होतं तवा ती न्हाई म्हणाली. तेच तिचं उत्तर.’

मला वाटते, ‘जाऊन काय उपयोग’ आणि ‘अंगठा घेऊन टाकू’ या एकाच विचाराच्या दोन तऱ्हा आहेत. आपल्याला ओळखत नाही तो माणूस संपला, असे एकदा धरले की त्याला भेटायचे कारण उरत नाही आणि त्याला लुबाडायला लाजही उरत नाही. उलट, ज्याला आपला हक्क बोलून दाखवता येत नाही, त्याचा हक्क लक्षात ठेवणे हे आता आपलेच काम होते. उद्या माझ्याही पुढे असा कागद येईल. आज आत्याच्या बाजूने गप्प राहिले, तर त्या दिवशी मी कोणत्या तोंडाने बोलू?

यंदाच्या भाऊबीजेला आम्ही पुन्हा गेलो. वहिनी आणि आईने मिळून स्वयंपाक केला. अकरा-बारा वर्षांनी दोघी एका चुलीशी उभ्या होत्या. आत्याच्या थरथरत्या हाताला हात लावून वहिनींनी ओवाळणी पुरी करवली. तात्या आलेले नाहीत. सातबारावर आत्याचे नाव लावण्यासाठी आबांनी तलाठ्याकडे अर्ज दिला आहे. तात्यांची हरकत आहे, निकाल व्हायचा आहे.

वाचकमित्रांनो, तुमच्याही घरात असे एखादे माणूस असेल. त्याला भेटायला जा. आपले नाव आपणच सांगा आणि थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. मात्र खिशात कागद घेऊन जाऊ नका.